शेवटची पावती कोणाची?

परत आलेल्या एका मेलमधली एक ओळ समोर ठेवू. आधी ५५३ हा आकडा, मग एका सर्व्हरचे नाव आणि पुढे त्या सर्व्हरचा जबाब: मांडणीत चूक आहे, मेल फिरून माझ्याकडेच येत आहे. ओळ इथे संपत नाही. कंसात आणखी दोन शब्द आहेत, 'एमएक्स प्रॉब्लेम', आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह. टपाल पोचवणारा 'सेंडमेल' हा जुना प्रोग्राम हा मजकूर छापतो आणि मेल सर्व्हर सांभाळलेल्या माणसाला तो पाठ असतो. प्रश्नचिन्हाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. मेल फिरून आला, हे यंत्राला ठाऊक आहे. तो का आला, हा त्याचा तर्क आहे. खात्री आणि अंदाज यांतला हा भेद प्रोग्राम लिहिणाऱ्याने एका चिन्हाने जपला आहे.

त्या प्रश्नचिन्हापासून मागे जाऊन पाहण्यासारखे आहे. एमएक्स, म्हणजे डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरने घ्यायचे हे सांगणारी नोंद, आली कुठून? तिच्यातला लहान आकडा मोठ्याच्या आधी का? मुख्य सर्व्हर बंद पडला तर टपाल सांभाळावे म्हणून नेमलेला बॅकअप सर्व्हरच कित्येकदा ते हरवण्याचे कारण कसा ठरतो? साधने भरपूर आहेत आणि उघडी आहेत: इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित टिपणांतून घडले ती आरएफसी, सर्व्हरचे लॉग, मेलची हेडरे आणि डीएनएस या नावांच्या नोंदव्यवस्थेच्या झोन फाइली, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या याद्या. पुराव्यांची तुलना मात्र वाचकाने आणि लेखकाने मिळून करायची आहे.

पहिला कागद ऑगस्ट १९८२ चा. आरएफसी ८२१, लेखक जॉन पोस्टेल. एका यंत्राने दुसऱ्याला मेल कसा द्यावा, याची एसएमटीपी ही भाषा त्यात ठरली. तेव्हा जाळ्यावरच्या सर्व यंत्रांची नावे 'होस्ट्स' नावाच्या एकाच फाइलमध्ये असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेचे माहिती केंद्र सांभाळत असे. फाइलमध्ये नाव शोधायचे, पत्ता घ्यायचा आणि थेट जोडणी करायची, असा नेहमीचा मार्ग. नाव म्हणजे यंत्र, आणि त्या यंत्राचे टपाल त्याच यंत्रावर. राखीव सर्व्हर ही कल्पना या मांडणीत कुठेच बसत नव्हती.

दुसरा कागद नोव्हेंबर १९८३ चा, खरे तर दोन: आरएफसी ८८२ आणि ८८३. पॉल मोकापेट्रिस यांनी त्यांत डीएनएस मांडली. नावाखाली अनेक प्रकारच्या नोंदी ठेवण्याची सोय झाली आणि टपालासाठी त्यांतल्या दोन ठरल्या. एमडी ही नोंद सांगे की, या नावाचे टपाल या यंत्रावर शेवटचे पोचते. एमएफ सांगे की, हे यंत्र टपाल घेऊन पुढे पाठवील. मुक्काम वेगळा, मधला थांबा वेगळा. राखीव सर्व्हरचे सर्वांत जुने रूप मला या एमएफमध्ये दिसते. दस्तऐवजात 'राखीव' असा शब्द नाही, त्यामुळे हे माझे अनुमान समजावे. पण काम तेच आहे: दुसऱ्याचे टपाल ताब्यात घ्यायचे आणि पुढे द्यायचे.

हे दोन प्रकार फार टिकले नाहीत. अडचण कॅशची होती. डीएनएसला विचारलेले उत्तर मधले सर्व्हर काही काळ जवळ ठेवतात आणि पुन्हा विचारल्यास तेच देतात. मेल कुठे द्यायचा हे ठरवायला एमडी आणि एमएफ दोन्ही हाती हव्यात. पण कोणी आधी एकाच प्रकारची चौकशी केलेली असेल, तर मधल्या सर्व्हरपाशी अर्धेच चित्र असे. म्हणून एक तर दर वेळी दोन चौकश्या करा, नाही तर जवळ ठेवलेल्या उत्तरावर विश्वासच ठेवू नका. दोन्ही महागात पडणारे होते.

जानेवारी १९८६ मध्ये लागोपाठ दोन टिपणे निघाली. आरएफसी ९७३ मध्ये मोकापेट्रिस यांनी दोन्ही प्रकार रद्द करून त्यांच्या जागी एमएक्स ही एकच नोंद आणली. आरएफसी ९७४ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी ती वाचायची कशी, हे सांगितले. नव्या नोंदीत यंत्राच्या नावाआधी एक आकडा आला. मुक्काम की थांबा हे आता प्रकारावरून नव्हे, तर आकड्यांच्या क्रमावरून कळणार होते. लहान आकडा आधी, मोठा नंतर.

हा क्रम नवख्यांना उलटा वाटतो आणि कित्येक झोन फाइलींत बॅकअप सर्व्हरच मुख्याच्या वर जाऊन बसतो. जुन्या नोंदींचे काय करावे, हे सांगणारी सूचना नोव्हेंबर १९८७ च्या आरएफसी १०३५ मध्ये आहे आणि ती इथे उपयोगी पडते: एमडी सापडली तर ती नाकारावी किंवा ० आकड्याची एमएक्स करावी, एमएफ सापडली तर नाकारावी किंवा १० ची करावी. इथपर्यंत पक्के. पुढचे माझे अनुमान: जाळ्याच्या भाषेत असा आकडा म्हणजे खर्च किंवा अंतर. मुक्कामावर पोचलेल्या टपालाला पुढे अंतर उरत नाही म्हणून शून्य, आणि थांब्यावरून अजून चालायचे आहे म्हणून दहा. मधल्या नऊ जागा उद्याच्या सर्व्हरसाठी मोकळ्या. आजही लोक १०, २०, ३० असेच आकडे टाकतात. नोंदीत ६५५३५ पर्यंतचा आकडा बसतो, पण महत्त्व आकाराला नाही, क्रमाला आहे.

९७४ च्या पहिल्या पानावर लेखकाच्या नावाखाली त्याचे ठिकाण आहे: बीबीएन, सीएसनेट. हाही पुरावा म्हणून वाचता येतो. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाळ्यावर जागा नसलेल्या विद्यापीठांच्या संगणकशास्त्र विभागांना जोडणारे सीएसनेट १९८१ मध्ये सुरू झाले आणि त्यातली बरीच यंत्रे टेलिफोनवरून ठरावीक वेळी जोडली जात. एरवी ती जाळ्याला दिसतच नसत. अशा यंत्रांचे टपाल दुसऱ्या कोणी तरी राखून ठेवणे, ही तिथली रोजची रीत होती. तिथे काम करणाऱ्या माणसाच्या हातून हे टिपण उतरावे, हा मला योगायोग वाटत नाही.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचे पहिले टपाल १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिफोनवरून, यूयूसीपी पद्धतीने चाले. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साठलेले टपाल देई, घेई आणि फोन ठेवी. '.इन' हे आपले डोमेन ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले आणि मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने ते पुढे कित्येक वर्षे सांभाळले. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमाकडून, १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही डायल करूनच. झोपलेल्या यंत्राचे टपाल जागे यंत्र राखते, ही सोय त्या काळात गरज म्हणून आली होती.

आता फिरून येणाऱ्या मेलच्या कोड्याकडे येऊ. ९७४ मध्ये पार्ट्रिज यांनी ए, बी, सी, डी अशी यंत्रे घेऊन उदाहरणे सोडवून दाखवली आहेत. ए चे टपाल घेणाऱ्यांची यादी अशी: १० आकड्याला ए स्वतः, १५ ला बी, २० ला सी. समजा ए बंद आहे आणि टपाल बी ने घेतले. बी ने आता ते कोणाला द्यावे? यादी तर तीच आहे. बी ने ती सरळ वाचली, तर ए बंद दिसल्यावर तो स्वतःलाच देऊ पाहील किंवा सी ला देईल, आणि सी परत बी ला. मेल गोल फिरत राहील. यावरचा उपाय दोन ओळींत मावतो: यादीत स्वतःचे नाव शोध, ते सापडले की ते आणि त्याच्या बरोबरीचे किंवा त्याहून मोठ्या आकड्याचे सगळे खोडून टाक. बी पुढे फक्त ए उरतो. टपाल पुढे जाईल किंवा रांगेत थांबेल, मागे फिरणार नाही.

सगळा भार 'स्वतःचे नाव सापडले की' या अटीवर आहे. नाव सापडलेच नाही तर? पार्ट्रिज यांनी हेही पाहून ठेवले होते. एमएक्स नोंदीत यंत्राचे खरे नाव न लिहिता टोपणनाव, म्हणजे सीनेम, लिहिले, तर यंत्र यादी वाचते आणि स्वतःला ओळखत नाही. खोडण्याची पायरी निसटते. म्हणून एमएक्सच्या उजव्या बाजूला टोपणनाव कधीच लिहू नये, असा इशारा त्याच टिपणात आहे. जुलै १९९७ मध्ये रॉबर्ट एल्झ आणि रँडी बुश यांच्या आरएफसी २१८१ ने हाच मुद्दा पुन्हा घेऊन तसे लिहिणे चूक असल्याचे स्पष्ट केले. दोन कागदांत साडेअकरा वर्षांचे अंतर आहे. सावधगिरीची सूचना पुरत नव्हती, एवढे त्यावरून कळते.

सेंडमेलचे प्रश्नचिन्ह इथे उलगडते. यंत्र यादी वाचून ज्याला मेल द्यायला गेले, तिथे त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. आपण आपल्याशीच बोलतो आहोत, हे त्याने ओळखले. पण का, याची दोन कारणे संभवतात. एक, डीएनएसमध्ये ते अशा नावाने नोंदले आहे, जे त्याला स्वतःचे म्हणून ठाऊक नाही. दोन, डीएनएस त्याला मुक्काम म्हणते आणि त्याच्या स्वतःच्या फाइलींत मात्र ते डोमेन लिहिलेलेच नाही. बिघाड डीएनएसच्या फाइलीत की सर्व्हरच्या, हे आतून बघणाऱ्याला कळू शकत नाही. म्हणून यंत्र 'एमएक्स प्रॉब्लेम' म्हणते आणि प्रश्नचिन्ह ठेवते. प्रामाणिक साक्षीदार याहून अधिक बोलत नाही.

आणखी एक कागद ऑक्टोबर १९८९ चा, रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेला आरएफसी ११२३. मेलच्या चौकशीत हा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जबाबदारी कोणत्या क्षणी हात बदलते, हे तो सांगतो. घेणाऱ्या सर्व्हरने पूर्ण मेल घेऊन २५० हा आकडा उच्चारला की टपाल त्याच्या ताब्यात गेले. मग ते पोचवायचे किंवा पोचले नाही असे पाठवणाऱ्याला कळवायचे, हे त्याच्यावर आले. यंत्र मध्येच बंद पडले, ही सबब चालत नाही. २५० ही पोचपावती आहे. तोवर मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत सुरक्षित असतो आणि त्या रांगेचा धीर मोठा आहे: त्याच कागदाप्रमाणे दोन प्रयत्नांत साधारण अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नये. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही हाच हिशोब कायम आहे.

बॅकअप सर्व्हरचे मोजमाप या दोन गोष्टींवर करावे लागते. मुख्य सर्व्हर दहा मिनिटे बंद आहे. बॅकअप नसता, तर पाठवणारा थांबला असता आणि अर्ध्या तासाने मेल पोचला असता, कोणाला कळलेही नसते. आता झोन फाइलीत २० आकड्याला एक बॅकअप आहे, पण त्या यंत्राच्या मांडणीत हे डोमेन लिहायचे राहिले आहे किंवा सर्व्हर बदलताना पुसले गेले आहे. पाठवणारा त्याच्या दारात येतो आणि त्याला ५५४ हा आकडा मिळतो: तुमचे टपाल मी पुढे देणार नाही. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. पाठवणारा थांबत नाही, मेल तिथल्या तिथे परत जातो. दहा मिनिटांचा खंड कायमचा होतो. डीएनएसमध्ये नाव घातले म्हणून रखवालदार मिळत नाही. त्या यंत्रालाही आपण रखवालदार आहोत, हे कळवावे लागते.

उलटा दोष जास्त गुंतागुंतीचा आहे आणि तो स्पॅमच्या काळात वाढला. बॅकअपला डोमेन ठाऊक आहे, पण त्यातली माणसे ठाऊक नाहीत. अस्तित्वात नसलेल्या पत्त्याचेही टपाल तो घेतो आणि २५० देतो. मुख्य सर्व्हर उठल्यावर त्याला म्हणतो, ५५०, असा माणूस इथे नाही. पावती तर दिली गेली आहे. आता पाठवणाऱ्याला कळवणे बॅकअपचे कर्तव्य, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट. ज्या माणसाने काहीच पाठवले नाही, त्याच्या पेटीत नकारांचा ढीग पडतो. असे टपाल ओतणारा सर्व्हर लवकरच काळ्या यादीत जातो आणि मग त्याच्यामार्फत गेलेला खरा मेलही कोणी घेत नाही. स्पॅम पाठवणाऱ्यांना हे कळले होते. मोठ्या आकड्याच्या सर्व्हरवर पहारा सैल असतो, म्हणून ते मुद्दाम आधी तिथेच जात. उपाय साधा आहे: पत्त्यांची यादी मुख्याइतकीच बॅकअपकडेही ठेवावी, म्हणजे नकार दारातच देता येईल. ती ठेवणे जमत नसेल, तर बॅकअप न ठेवलेला बरा.

आता एखादी प्रत्यक्ष चौकशी कशी चालते, ते एका नमुन्यावर पाहू. हेडरातल्या 'रिसीव्हड' ओळी खालून वर वाचाव्यात, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सर्वांत वर चिकटवतो. नमुन्यात खालची ओळ बॅकअपची आहे आणि तिच्यावर वेळ ०५:१२:०७, पुढे +००००. वरची मुख्य सर्व्हरची, वेळ १६:१५:३०, पुढे +०५३०. घाईत पाहिले तर अकरा तास गेल्यासारखे वाटतात. पण पहिले घड्याळ ग्रिनिचचे आहे, म्हणजे आपले १०:४२:०७. खरे अंतर साडेपाच तासांहून थोडे अधिक, आणि तेवढा वेळ टपाल बॅकअपच्या रांगेत होते. आपल्या सर्व्हरांनी चिकटवलेल्या ओळींवर भरवसा ठेवता येतो. त्यांच्या खालच्या ओळी पाठवणाऱ्याच्या बाजूच्या असतात आणि त्या बनावट असू शकतात. मूळ पत्र आणि नक्कल यांत करतो, तोच भेद इथे करायचा.

मग लॉग. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रामच्या लॉगमध्ये दर मेलला एक रांगक्रमांक असतो. बॅकअपने मेल पुढे दिला की त्याच्या ओळीत 'सेंट' हा शब्द आणि मुख्य सर्व्हरने दिलेले २५० चे उत्तर जसेच्या तसे उतरते. समोरही पोस्टफिक्स असेल, तर त्या उत्तरात मुख्य सर्व्हरचा रांगक्रमांक असतो. तोच क्रमांक मुख्याच्या लॉगमध्ये शोधायचा. सापडला, की दोन स्वतंत्र साक्षी एकाच घटनेवर जुळल्या. दोन दप्तरांतली दोन पत्रे एकाच तारखेला एकच गोष्ट सांगताना पाहून जो आनंद होतो, तोच इथे होतो.

खरी पोकळी डीएनएसमध्ये आहे. डीएनएस आज काय म्हणते ते सांगते, काल काय म्हणत होती ते नाही. मेल मंगळवारी हरवला आणि चौकशी शुक्रवारी सुरू झाली, तर मंगळवारची एमएक्स यादी डीएनएसमध्ये उभी नसते. एक धागा उरतो: झोन फाइलीच्या माथ्यावरचा अनुक्रमांक. तो वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवशीची कितवी दुरुस्ती अशा दहा अंकांत लिहावा, अशी शिफारस डेव्हिड बार यांनी फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१२ मध्ये केली. ती पाळलेली असेल, तर फाइल शेवटची कधी बदलली, हे त्या आकड्यावरून निघते. मात्र तो माणसाने टाइप केलेला असू शकतो, म्हणून तो आधार आहे, निर्णय नाही. त्यालाच जोडून टीटीएल, म्हणजे मधल्या सर्व्हरने उत्तर किती वेळ जवळ ठेवावे हा आकडा, पाहायचा. तो ८६४०० सेकंद असेल, तर बदलानंतर पूर्ण एक दिवस जगातले काही सर्व्हर जुन्याच पत्त्यावर जाणार, आणि जुना सर्व्हर त्याच संध्याकाळी बंद केला असेल तर टपाल कुठे अडले, हे उघड आहे. या टप्प्यावर सर्व्हर सांभाळणारा हमखास म्हणतो, 'मी काहीच बदललेले नाही.' तो खोटे बोलत नसतो, पण आठवण ही बखर आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान दिला आणि तो नियम इथेही तंतोतंत लागू पडतो.

आणखी एक गोष्ट पुरावा वाचणाऱ्याला चकवते. डोमेनला एमएक्स नोंदच नसेल, तर त्याचा अर्थ 'इथे टपाल घेत नाही' असा होत नाही. १९८६ पासूनचा नियम असा की, नोंद नसली तर ते यंत्र स्वतःच शून्य आकड्याचे टपालघर मानावे. नोंदीच्या अभावातून होकार निघतो. स्पष्ट 'नाही' म्हणण्याची प्रमाण रीत जून २०१५ मध्ये आरएफसी ७५०५ ने दिली, शून्य आणि पुढे नुसते टिंब. एकोणतीस वर्षांहून अधिक काळ या व्यवस्थेला मौन कळत होते, नकार कळत नव्हता.

सगळे कागद एकत्र ठेवल्यावर मेल कुठे अडकला हा प्रश्न मागे पडतो आणि त्याजागी दुसरा येतो: शेवटची २५० ची पावती कोणी दिली? त्या यंत्रापर्यंत टपाल नक्की पोचले होते आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची होती. रांग, नकार आणि फेरा यांचा तपास तिथूनच पुढे करायचा, मागचे सारे निश्चित आहे. कोणीच पावती दिलेली नसेल, तर टपाल अजून पाठवणाऱ्याच्या रांगेत आहे किंवा आधीच परत फिरले आहे. झोन फाइलीतला २० हा आकडा म्हणजे आपण जगाला दिलेला शब्द आहे की, आम्ही नसताना हा तुमचे टपाल सांभाळील. तो शब्द खरा आहे की नाही, हे पाहायला मुख्य सर्व्हर पडण्याची वाट पाहू नये. एखाद्या शांत दुपारी बॅकअपच्या दारात स्वतः जावे, एक खरा पत्ता आणि एक खोटा पत्ता सांगावा, आणि पहिल्याला २५० व दुसऱ्याला ५५० मिळते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे.